धानपट्ट्यात शिडाची शर्यत : ऑप्टिमिस्टच्या मोजमापापासून निकालाच्या कागदापर्यंत

पूर्व विदर्भातल्या नवेगावबांध-इटियाडोह पट्ट्यातल्या एका जलाशयावर शाळकरी मुलांसाठी शिडाच्या बोटींच्या शर्यती सुरू करायचं ठरलं, तेव्हा आम्ही आधी क्लास ठरवला आणि मग बोटी शोधल्या. हा क्रम उलटा झाला की पैसा वाया जातो. स्वस्तात मिळाली म्हणून एक बोट उचलली आणि तिच्या क्लासची दुसरी बोट जवळपास कुठंच नाही, तर ती फेरफटक्याला ठीक. तिच्याशी शर्यत लावणार कोण?

एकाच नियमपुस्तिकेत बसणाऱ्या बोटी म्हणजे एक क्लास. ती पुस्तिका किती कडक, यावरून फरक पडतो. आयएलसीए, म्हणजे २०१९ पर्यंत जिला सगळे लेझर म्हणत ती ४.२३ मीटरची एकट्यानं चालवायची बोट, फार कडक. हल (बोटीचं धड), शीड, डोलकाठी सगळं मान्यताप्राप्त उत्पादकाचंच, आणि पुस्तिकेत परवानगी लिहिलेली नाही ते करायचंच नाही. याच्या अगदी उलट मॉथ. लांबी ३.३५५ मीटरच्या आत ठेवा, शिडाची मर्यादा पाळा, बाकी डोकं चालवा. पाण्याच्या वर उचलून फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखासारख्या पात्यावर, धावणाऱ्या बोटी अशा मोकळीकीतूनच आल्या. ऑप्टिमिस्ट, म्हणजे मुलांची एकट्यानं चालवायची छोटी बोट, या दोन्हींच्या मधे, पण कडक बाजूला झुकलेली. वेगवेगळे कारखाने ती बांधतात, लाकडीही चालते, मात्र प्रत्येक बोट ठरलेल्या मापांत बसली पाहिजे.

वेगवेगळ्या क्लासच्या बोटी एकत्र पळवून वेळेचा हिशेब लावायची पद्धतही आहे. पोर्टस्मथ यार्डस्टिकमध्ये लागलेल्या वेळेला १००० नं गुणून त्या क्लासच्या आकड्यानं भागतात. मोठ्यांच्या हौशी क्लबला हे ठीक आहे. मुलांना आधी पोचलेला आधी, एवढंच कळतं आणि तेच न्यायाचं वाटतं. म्हणून तो मार्ग आम्ही सोडला.

ऑप्टिमिस्ट घेण्याची कारणं साधी होती. लांबी २.३० मीटर, रुंदी १.१३, शीड सुमारे ३.३ चौरस मीटर, हलचं वजन ३५ किलो. चार मुलं ती उचलून पाळीवरून पाण्यापर्यंत नेतात, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तणसाचा थर घालून एकावर एक उपड्या रचता येतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये ती आखली तेव्हा अटच अशी होती की ४ बाय ८ फुटांच्या प्लायवूडच्या दोन तावांत बोट निघावी. नाकाड चपटं आहे ते त्यामुळेच. ज्या वर्षी मूल १५ पूर्ण करतं, त्या वर्षाअखेरपर्यंत ते या क्लासमध्ये खेळू शकतं. साधारण ३५ ते ५० किलोच्या मुलाला बोट चांगली बसते. त्याहून हलकं मूल जोराच्या वाऱ्यात बोट सपाट धरू शकत नाही, आणि बरंच जड झालेलं मूल हलक्या वाऱ्यात मागं पडतं.

समुद्र नाही म्हणून शिडाची शर्यत आपल्याकडे कशी, असं बरेच जण विचारतात. भोपाळच्या मोठ्या तलावावर राष्ट्रीय प्रशिक्षण शाळा आहे. तिथे शिकलेल्या देवासच्या नेहा ठाकूरनं हांगझोऊच्या एशियाडमध्ये आयएलसीए ४ प्रकारात रौप्यपदक घेतलं. विदर्भातल्या मुलांना भोपाळ काही परकं नाही.

क्लास ठरवताना माझ्या लेखी सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळाच होता. कडक नियमांचा क्लास गरिबाच्या बाजूनं असतो. मापात बसलेली जुनी बोट आणि कालच कारखान्यातून निघालेली बोट एकाच रेषेवर उभ्या राहतात. नव्या बोटीच्या मालकाला हल घासून आकार बदलता येत नाही, लांब डोलकाठी लावता येत नाही, मोठं शीड चढवता येत नाही. त्यामुळे खेड्यातल्या संघानं आपली ताकद खरेदीत घालवू नये. ती मोजमापात आणि पाण्यावरच्या नियमांत घालावी.

मोजमापाची सुरुवात कागदांपासून होते. जुनी बोट घेताना हलवर क्लासची पाटी आहे का, तिचा नंबर मोजमापाच्या दाखल्याशी जुळतो का आणि शिडावर भारताची आयएनडी ही अक्षरं व नंबर नीट आहेत का, हे आधी पाहिलं. पाटी किंवा दाखला नसेल तर बोट कितीही चकचकीत असो, अधिकृत स्पर्धेत उतरवताना अडचण येणार. भाव करताना हे लक्षात ठेवावं. आणि एक स्पष्ट सांगतो, गावात आपण करतो ती पूर्वतपासणी. शिक्का क्लासच्या मान्यताप्राप्त मोजमाप अधिकाऱ्याचाच चालतो.

वजनासाठी धान खरेदी केंद्रावरचा इलेक्ट्रॉनिक काटा उत्तम. त्याला वैधमापनाचा शिक्का असतो आणि शंभर ग्रॅमपर्यंत आकडा दिसतो. काट्यावर आधी लाकडी पाट ठेवून आकडा शून्य करायचा आणि मग हल उपडं ठेवायचं. हे काम गोदामाच्या आत, दारं लावून करावं. उघड्यावर वाऱ्याची झुळूक हलच्या सपाट तळाला लागते आणि आकडा स्थिर राहत नाही. वजनात कोणते भाग धरायचे आणि कोणते उतरवायचे हे पुस्तिकेत लिहिलेलं आहे. ते वाचत वाचत एकेक भाग सोडवायचा, अंदाजानं नाही. त्याआधी बोट सावलीत, हवेशीर जागी कुशीवर ठेवून कोरडी होऊ द्यावी. विशेषतः लाकडी बोट पाणी पिते, आणि ओल्या बोटीचं वजन पुरेसं भरलं म्हणून समाधान मानलं तर स्पर्धेच्या मोजमापात कोरडी बोट हलकी निघते. हल ३५ किलोच्या खाली भरलं तर भरपाईचं वजन पक्कं बसवावं लागतं. ते मोजमाप अधिकाऱ्याच्या देखत बसवून दाखल्यावर नोंदवून घ्यावं; आपल्या मनानं शिसं चिकटवू नये.

हल फायबरचं असेल तर रुपयाच्या नाण्यानं ठोकत पूर्ण तळ फिरावा. आवाज खणखणीत असेल तर ठीक, मधेच बद्द आला तर तिथे थर सुटलेत. डोलकाठी ज्या आडव्या फळीतून जाते तिची टोकं, डॅगरबोर्डच्या, म्हणजे तळातून पाण्यात उतरणाऱ्या उभ्या फळीच्या, खाचेचे कोपरे आणि सुकाणू अडकवायच्या कड्यांभोवतीची जागा, या तीन ठिकाणी भेगा हमखास सापडतात. दुरुस्तीला परवानगी आहे, आकार बदलायला नाही. भेग भरून पृष्ठभाग होता तसा करायचा. कडा जास्त धारदार करणं किंवा तळाचा बाक घासून काढणं म्हणजे बोट बाद.

दुरुस्तीच्या सामानाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडचं ऊन इथे घात करतं. नागपूरच्या बाजारात पॉलिएस्टर रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर असे तीन डबे वेगवेगळे मिळतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नये. भडका उडतो, स्फोटही होतो. दोन्हींसाठी वेगळे चमचे, वेगळी भांडी. हार्डनर वजनाच्या १ ते २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम. एप्रिल-मे महिन्यात सावलीतही पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा १ टक्क्यालाच थांबावं आणि काम सकाळी सातच्या आत उरकावं. दुपारी मिसळलेलं रेझिन मगातच गोठतं, मग गरम होऊन धूर सोडतं. घाई टाळायला हार्डनर १ टक्क्याच्याही खाली आणलं तर उलट होतं, थर वरून कोरडा वाटतो पण आत कच्चाच राहतो. एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त मिसळू नये. हातमोजे आणि चष्मा हवेतच, कारण हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. थर पक्का झाला की ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं उंचवटा काढायचा, पुढे २४० आणि शेवटी ४०० पाण्यासोबत.

आता काठ्या. ऑप्टिमिस्टची डोलकाठी जास्तीत जास्त २३५० मिलिमीटर आणि स्प्रिट, म्हणजे शिडाचा वरचा मागचा कोपरा ढकलून धरणारी तिरपी काठी, २२८६ मिलिमीटर. स्टीलच्या टेपनं मोजावं. कापडी टेप ताणला जातो, त्याच्यावर दोन-तीन मिलिमीटरचा भरवसा नाही. डोलकाठीवर दोन रंगीत पट्ट्या असतात, आणि शिडाच्या पुढच्या वरच्या कोपऱ्याजवळची खूण त्या दोन पट्ट्यांच्या मधे राहिली पाहिजे. किनाऱ्यावर ती बरोबर दिसते, पाण्यावर तासभरात दोर ओला होऊन सैलावतो आणि खूण खाली घसरते. म्हणून कोपरा बांधताना नायलॉन नको. पॉलिएस्टरची दोरी कमी ताणते.

शीड डोलकाठीला आणि बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या काठीला, लहान लहान दोऱ्यांनी बांधतात, आणि नियम सांगतो की शीड आणि काठी यांच्यात कुठंही १० मिलिमीटरपेक्षा जास्त फट नसावी. यासाठी सुताराकडचा १० मिलिमीटरचा ड्रिलचा दांडा घ्यायचा. शीड चढवून, स्प्रिट ताणून, बोट वाऱ्याच्या तोंडाला धरून प्रत्येक दोरीपाशी तो दांडा फटीत घालून पाहायचा. दांडा सहज आत गेला की दोरी सोडून पुन्हा बांधायची. आम्ही फट ५-६ मिलिमीटरच ठेवतो, कारण ओली दोरी थोडी देते. सगळ्या दोऱ्या एकसारख्या घट्ट करायचीही चूक होते. फार आवळल्या तर शिडाची पुढची कड काठीभोवती ओढली जाते आणि वारा येण्याच्या जागीच घडी पडते. मुलांकडून हे काम करून घ्यावं. एकदा स्वतःच्या हातानं सगळ्या दोऱ्या बांधलेल्या मुलाला मग शीड नुसतं बघूनही त्यातला दोष सांगता येतो.

स्प्रिटचा ताण वाऱ्याप्रमाणे बदलतो, आणि तो शिडावरच्या घडीवरून ओळखता येतो. घडी पुढच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या मागच्या कोपऱ्याकडे उतरत असेल तर स्प्रिट सैल आहे. उलटी, म्हणजे मागच्या वरच्या टोकापासून पुढच्या खालच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी दिसली तर ताण जास्त. हलक्या वाऱ्यात जेमतेम घडी जाईल एवढाच, वारा वाढला की आणखी.

सुरक्षेच्या सामानात काटकसर करू नये, पण सगळं बाहेरून मागवायचीही गरज नाही. पुढे बांधायचा ओढदोर तरंगणारा, एकसंध, किमान ५ मिलिमीटर जाड आणि ८ मीटर लांब हवा. कृषी केंद्रातला पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो. नायलॉनचा बुडतो आणि बचावबोटीच्या पंख्यात जातो. वल्ह्याच्या पात्याचं क्षेत्रफळ किमान ०.०२५ चौरस मीटर, म्हणजे १६ बाय १६ सेंटिमीटरचं पातं पुरे, गावातला सुतार ते करून देतो. पाणी उपसायला तेलाची पाच लिटरची कॅन तिरपी कापून, दोरीनं बोटीला बांधून ठेवायची. आम्ही दोन ठेवतो. तीन हवेच्या पिशव्या, दोन बाजूंना आणि एक मागं, रात्रभर फुगवून सकाळी दाबून पाहायच्या. मऊ पडलेली पिशवी साबणाच्या पाण्यात बुडवली की बुडबुडे दाखवतात भोक कुठं आहे. लाइफ जॅकेट मात्र प्रमाणित आणि मुलाच्या वजनाचंच. घालून पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून उचलायचं. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते त्या मुलाचं नाही. शिट्टी जॅकेटला बांधलेली असावी, गळ्यात नको.

यानंतर उलटण्याची चाचणी. ती जलाशयात नाही, शेतातल्या बोडीत करायची, कमरेएवढ्या पाण्यात. बोट शीड चढवून तयार करायची, दोघांनी मिळून ती आडवी करायची आणि मग पूर्ण उपडी. आता उपड्या बोटीखालून डोलकाठी हातानं खाली ओढून पाहायची. ती बुडाच्या खोबणीतून अर्धा इंच जरी निसटली तरी काठी धरून ठेवणारा क्लॅम्प पक्का नाही. हे किरकोळ वाटतं, पण बुड खोबणीतून निघालेलं आणि मधला भाग फळीच्या भोकात अडकलेला अशा स्थितीत बोट सरळ केली की काठी तरफेसारखी दाब देते आणि फळी किंवा तळ फुटतो. डॅगरबोर्डही याच वेळी तपासायचा. तो दोरीनं किंवा रबरानं बांधलेला नसेल तर उपड्या बोटीतून खाली सरकून निघून जातो, आणि बोट सरळ करायला मुलाला ज्याच्यावर उभं राहायचं तेच हातात उरत नाही. बोट सरळ झाल्यावर ती काठोकाठ भरलेली असते. मूल आत चढून, दोन्ही कॅननी उपसून, पुन्हा शीड ओढून चालायला लागेपर्यंत चाचणी संपली असं धरत नाही. ज्या मुलाला बोडीत हे जमत नाही त्याला जलाशयावर पाठवायचं नाही, मग घरचे कितीही म्हणोत.

जलाशय जलसंपदा खात्याचा आणि मासेमारी सहकारी संस्थेकडे, त्यामुळे परवानगी दोन्हीकडून लेखी घ्यावी. संस्थेशी बोलणं जास्त महत्त्वाचं. ढिवर बांधव संध्याकाळी जाळी टाकतात आणि सकाळी काढतात. जाळी निघाल्यावरच शर्यत. राहिलेल्या जाळ्यांवर रिकाम्या बाटल्या तरंगतात, त्या ओळखायला मुलांना आधी शिकवावं, कारण डॅगरबोर्ड जाळ्यात अडकला की बोट जागीच फिरते आणि जाळंही फाटतं. पाणी उतरू लागलं की बुडालेल्या झाडांची खोडं पृष्ठभागाच्या जवळ येतात. कोणत्या भागात खोडं आहेत हे नकाशात नाही, डोंगेवाल्यांच्या डोक्यात आहे. त्यांच्याबरोबर फिरून लाल फडकं बांधलेले बांबू रोवून घेतले. शर्यतीचं क्षेत्र त्या बांबूंच्या आत.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी भरपूर असतं, वादळं नसतात. सकाळी वारा जवळपास नसतो, साधारण अकरानंतर सुरू होतो, आणि तो हलका व फिरता असतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग उठले की पाचेक मिनिटांत सोसाट्याचा वारा येतो. त्या महिन्यांत सकाळी सराव, शर्यत नाही. वीज चमकली की मुलं पाण्याबाहेर, चर्चा नंतर. बचावासाठी नुसता डोंगा पुरत नाही. मोटर असलेली बोट लागते, आणि मोटर चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली हवी. आम्ही दहा मुलांमागे एक बचावबोट ठेवतो.

खुणेचे बोये म्हणून निळे प्लास्टिकचे ड्रम वापरले, वर भगवं कापड. नांगर म्हणून रेतीचं पोतं. दोर खोलीच्या दीडपट. इथे एक बारीक गोष्ट फार उपयोगी पडते. ड्रमच्या खाली मीटर-दीड मीटरवर त्याच दोराला विटेएवढं वजन बांधायचं, म्हणजे दोर सरळ खाली लटकतो. नाहीतर तो पाण्याखाली तिरपा पसरतो आणि ड्रमला वळसा घालणाऱ्या बोटीचा डॅगरबोर्ड त्यात अडकतो.

सुरुवातीची रेषा किती लांब, तर बोटींची संख्या गुणिले बोटीची लांबी गुणिले दीड. दहा बोटी असतील तर १० × २.३ × १.५, म्हणजे सुमारे ३५ मीटर. रेषा वाऱ्याला काटकोनात हवी. ती थोडी तिरपी झाली की सगळ्या बोटी वाऱ्याच्या जवळ असलेल्या टोकाला गर्दी करतात. आपल्या फिरत्या वाऱ्यात रेषा लावून पाच मिनिटं झाली की पुन्हा पाहावं लागतं. ड्रम टाकायला आलेले डोंगेवाले काका हे आमच्या वाऱ्याच्या पट्टीपेक्षा लवकर सांगत : “भाऊ, हवा पालटून राहिली, वरचा ड्रम उजवीकडे घ्या.” आधी वरचा, म्हणजे वाऱ्याकडचा, ड्रम आणि मग रेषा, हा क्रम. नवशिक्यांसाठी वरचा ड्रम २५०-३०० मीटरवर पुरे.

झेंडे गावातल्या शिंप्याकडून शिवून घेता येतात. पी म्हणजे निळ्यावर पांढरा चौकोन, आय पिवळ्यावर काळा गोल, एक्स पांढऱ्यावर निळा क्रॉस, एन निळ्या-पांढऱ्या चौकटींचा. रंग न जाणारं कापड घ्यावं आणि झेंडा मीटरभर तरी असावा, नाहीतर रेषेच्या त्या टोकावरून दिसत नाही.

सुरुवातीचा क्रम जगभर तोच. पाच मिनिटं असताना क्लासचा झेंडा वर, एक आवाज. चार मिनिटं असताना पी वर, एक आवाज. एक मिनिट असताना पी खाली, एक लांब आवाज. शून्यावर क्लासचा झेंडा खाली, एक आवाज. वेळ झेंड्यावरून मोजतात; शिट्टी वाजली नाही किंवा उशिरा वाजली तरी झेंडा खरा. मुलांना हे समजलं नाही तर ती आवाजाची वाट बघत मागं राहतात. एखादी बोट आधीच रेषेपलीकडे गेली तर एक्स झेंडा आणि एक आवाज. तिनं परत येऊन पुन्हा सुरुवात करायची. सगळाच गोंधळ झाला तर ‘पहिला सब्स्टिट्यूट’ नावाचा झेंडा आणि दोन आवाज, म्हणजे सगळ्यांची सुरुवात पुन्हा. शर्यत रद्द करायची तर एन आणि तीन आवाज. २०२१ च्या नियमांपासून रेषा ओलांडणं म्हणजे हल ओलांडणं. मुलाचा हात किंवा शिडाचं टोक पुढं गेलं म्हणून बोट पुढं गेली असं होत नाही. रेषेवर उभ्या राहणाऱ्या पंचानं हे पक्कं लक्षात ठेवावं.

शर्यतीचे नियम वर्ल्ड सेलिंगचे, दर चार वर्षांनी सुधारले जाणारे. सध्याची आवृत्ती २०२५ ते २०२८. पुस्तक जाड आहे, पण मुलांना पाण्यावर आधी तीन नियम लागतात. दोन बोटी वेगवेगळ्या टॅकवर असतील, म्हणजे त्यांना वारा वेगवेगळ्या बाजूंनी लागत असेल, तर जिला वारा उजवीकडून लागतो तिचा हक्क, डावीकडून लागणारीनं वाट द्यायची. दोघी एकाच टॅकवर आणि एकमेकींच्या बाजूला असतील तर वाऱ्याकडची बोट वाट देते. एकीच्या पूर्ण मागं दुसरी असेल तर मागची देते. हे आम्ही शाळेच्या पटांगणात फक्की टाकून, मुलांना बोट समजून चालवून शिकवलं. एक जण हातात फडकं धरून वारा होतो. वाऱ्याची बाजू अचानक बदलली की कोणाचा हक्क कोणाकडे गेला, हे मुलं पायांनी शिकतात आणि विसरत नाहीत.

वळणाचा नियम मोठ्यांनाही चकवतो. खुणेपासून तीन बोटींच्या लांबीचा घेर म्हणजे झोन. ऑप्टिमिस्टला तो जवळजवळ ७ मीटर. पहिली बोट झोनमध्ये शिरते त्या क्षणी दोघी बाजूला-बाजूला असतील तर बाहेरचीनं आतलीला खुणेभोवती जागा द्यायची. झोनमध्ये शिरल्यावर मागून नाक घुसवून जागा मागता येत नाही. भांडणं ८० टक्के इथेच होतात, हा माझा अंदाज. म्हणून सरावात ड्रमभोवती ७ मीटरवर छोट्या बाटल्या टाकून घेर दाखवावा. शर्यतीच्या दिवशी त्या काढायच्या, पण तोवर डोळ्याला माप बसलेलं असतं.

खुणेला बोट लागली तर एक चक्कर, म्हणजे एक टॅक (नाक वाऱ्यातून फिरवणं) आणि एक जाइब (मागची बाजू वाऱ्यातून फिरवणं). दुसऱ्या बोटीचा नियम मोडला तर एकाच दिशेनं दोन चकरा. चक्कर लगेच, बाकीच्यांपासून दूर जाऊन मारायची. बहुतेक मुलं ती प्रामाणिकपणे मारतात.

हलक्या वाऱ्याच्या जलाशयावर सगळ्यात मोठा मोह म्हणजे बोट हलवून पुढं ढकलणं. शीड सतत आत-बाहेर ओढणं, अंगानं बोट डोलवणं, पुढं झटका देणं, सुकाणू वल्ह्यासारखं मारणं, हे सगळं नियम ४२ नं बंद आहे. वळताना बोट तिरकी करून सरळ करणं चालतं, पण वळून निघताना बोटीला एरवीपेक्षा जास्त वेग मिळाला तर ते चालत नाही. पंचानं बोटीच्या मागून पाहावं, डोलवणं बाजूनं दिसत नाही.

तक्रार करायची तर घटनेनंतर पहिल्या शक्य क्षणी “प्रोटेस्ट” अशी हाक. ६ मीटरपेक्षा लहान बोटींना लाल झेंडा दाखवावा लागत नाही. सुनावणीत पुठ्ठ्याच्या छोट्या बोटी कापून ठेवाव्यात, शिडाची बाजू रंगवून. मुलं त्या मांडून बोलतात तेव्हा दोन मिनिटांत खरं चित्र दिसतं. दोन्ही मुलांना पूर्ण बोलू द्यायचं, साक्षीदार वेगळा ऐकायचा, आणि निर्णय कारणासह लिहून द्यायचा. पालक आत नकोत.

ज्याचे गुण कमीत कमी, त्याचा क्रमांक वरचा. पहिल्याला १, दुसऱ्याला २. सुरुवात न केलेल्या, अर्धवट सोडलेल्या किंवा बाद झालेल्या बोटीला मालिकेतल्या एकूण नोंदींपेक्षा एक जास्त. दहा नोंदी असतील तर ११. वेगळं काही सूचनापत्रात लिहिलं नसेल तर प्रत्येकाची सगळ्यात वाईट एक शर्यत वगळतात. दोघांचे गुण सारखे आले तर वगळलेली शर्यत न धरता दोघांचे क्रमांक चांगल्याकडून वाईटाकडे ओळीनं लिहायचे आणि जिथं पहिला फरक पडेल तिथं चांगला क्रमांक असलेला वर. १, ३, ४ आणि २, २, ४ अशी बरोबरी असेल तर पहिला जिंकला. तिथंही फरक पडला नाही तर शेवटच्या शर्यतीत जो पुढं होता तो वर, आणि यावेळी वगळलेली शर्यतही धरायची. हे उदाहरण निकालाच्या कागदाच्या खाली छापून ठेवावं, म्हणजे पाळीवर उभे असलेले पालकही हिशेब स्वतः तपासू शकतात.